मार्कर ‘आहे’ म्हणतो, वाफा ‘नाही’ म्हणतो: पालेभाज्यांच्या निवडीतला घोळ कसा शोधावा

मार्करवरून, म्हणजे हव्या त्या जनुकाची खूण म्हणून तपासतात त्या डीएनएच्या तुकड्यावरून, निवडलेली रोपं वाफ्यात गेली, आणि ज्या गुणासाठी निवडली तोच गुण त्यांतल्या काहींत दिसेना. पुण्यात पालेभाज्यांवर काम करणारे कृषीचे विद्यार्थी आणि छोट्या बियाणे कंपन्यांतले पैदासकार यांच्याकडून ही तक्रार दर हंगामात येते. ठिपक्यांना प्रतिकारक म्हणून ठेवलेल्या पालकावर ठिपके आले. लवकर फुलणारी म्हणून उपटून टाकायच्या यादीत गेलेली रोपं निवडलेल्या रोपांइतकीच उशिरा फुलली. तांबडा म्हणून पुढे नेलेला माठ हिरवट निघाला. मग कुणी मार्करच कुचकामी ठरवतं, तर कुणी वाफ्यातली नोंद चुकली असं धरून मार्करचंच ऐकतं. दोन्हींत एक अख्खी पिढी वाया जाते, आणि पालेभाज्यांच्या पैदाशीला आपल्याकडे आधीच इतके कमी हात आहेत की मला त्याचं खरोखर वाईट वाटतं.

‘दोघांपैकी खरं कोण’ या प्रश्नापासून सुरुवात करू नका. मतभेद कोणत्या झाडांत आहे, किती झाडांत आहे आणि कोणत्या दिशेने आहे, ते आधी पाहा. बहुतेक वेळा एवढ्यावरूनच कारणाचा माग लागतो, नवी पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून तो पट्ट्याच्या रूपात दाखवणारी चाचणी) लावण्याआधीच.

आधी चार खान्यांची चौकट

एका बाजूला मार्करचा निकाल, दुसऱ्या बाजूला वाफ्यातला. दोन खाने जुळणारे, दोन न जुळणारे. खान्यात नुसती संख्या लिहू नका, झाडांचे क्रमांक लिहा. ५१ ते ५८ अशी सलग आठ झाडं चुकणं आणि १२, ४७, ९०, १६३ अशी इकडेतिकडे विखुरलेली झाडं चुकणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत. अहवालात मात्र दोन्ही ‘९५ टक्के जुळलं’ अशाच एका ओळीत बसतात, आणि त्या टक्क्यातून पुढे काय करायचं ते काहीच कळत नाही.

त्याच चौकटीत दोन्ही जनक वाण आणि त्यांचा पहिल्या पिढीतला संकरही घाला. जनकच चुकीच्या खान्यात पडले, तर बाकीच्या झाडांकडे अजून पाहूच नका.

कुठेच पट्टा नाही, किंवा सगळीकडे एकच पट्टा

हे पालकाच्या बाबतीत सर्वांत जास्त घडतं. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात शेकड्याच्या भावाने ज्याच्या जुड्या जातात तो आपला पालक, म्हणजे ऑल ग्रीन, पुसा ज्योती, पुसा भारती हे वाण, बीटच्याच प्रजातीतला आहे: बीटा व्हल्गॅरिस. परदेशी शोधनिबंधांतला स्पिनॅच म्हणजे स्पिनॅशिया ओलेरॅशिया, ज्याला आपल्याकडे विलायती पालक म्हणतात. दोघांचं कुळ एक, राजगिऱ्याचं, पण नातं तिथेच संपतं. आपल्या पालकाच्या पेशीत १८ गुणसूत्रं, विलायतीत १२. विलायतीत नर झाडं आणि मादी झाडं बहुतकरून वेगळी असतात, आपल्या पालकात एकाच फुलात दोन्ही अवयव असतात.

केवडा रोगाला प्रतिकार देणारी आरपीएफ नावाची जनुकं विलायती पालकाची आहेत. त्यांतली आरपीएफ १, २ आणि ३ ही तिसऱ्या गुणसूत्रावर येतात आणि त्यांच्या मार्करवर भरपूर काम झालेलं आहे. शोधनिबंधातले ते प्रायमर (कोणता तुकडा वाढवायचा ते पीसीआरला दाखवणारे डीएनएचे छोटे धागे) उचलून ऑल ग्रीनच्या डीएनएवर लावले तर पट्टा उमटत नाही. कधी एखादा उमटला तर तो भलत्याच जागेचा असतो. मला हा दुसरा प्रकार जास्त घातक वाटतो, कारण पट्टा दिसला की माणूस शंका घेणं थांबवतो.

शंका असेल तर बी हातात घ्या. आपल्या पालकाचं ‘बी’ म्हणजे खडबडीत गाठोळं असतं आणि त्या एकातून बऱ्याचदा दोन-तीन कोंब येतात. विलायतीचं बी सुटं, गोल किंवा काटेरी. आपल्या पालकासाठी मार्कर शोधायचे तर ते साखरबीटाच्या साहित्यात शोधा. त्याचा जनुकीय आराखडा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आहे आणि तोच या प्रजातीचा आराखडा आहे. बीटच्या लाल रंगाचं आर जनुक २०१२ मध्ये ओळखलं गेलं. देठाला लाली असलेला पालक हिरव्याशी संकरित करत असाल, तर पहिली चाचपणी तिथून करावी. फुलोऱ्याबाबत मात्र जपून. साखरबीटाला फुलण्यासाठी थंडीचा काळ लागतो आणि त्यामागचं बीटीसी१ हे जनुक माहीत आहे, पण आपला पालक थंडीशिवायही मैदानी भागात बी धरतो. साखरबीटात दिसणारा फरक आपल्या दोन वाणांतही असेल असं गृहीत धरता येत नाही.

मेथीचे स्वतःचे मार्कर थोडे. तिथे मेडिकॅगो ट्रंकॅट्युला या जवळच्या नातेवाईक वनस्पतीचे एसएसआर मार्कर (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तींवर बेतलेले) कामाला येतात, त्यांतले काही मेथीत चालतात. कोणते चालतात ते मात्र आपल्या दोन जनकांवर लावूनच ठरवायचं.

सगळ्या झाडांत एकसारखाच पट्टा आला आणि दोन्ही जनकांतही तोच, तर मार्कर बिघडलेला नाही. त्या दोन जनकांत त्या जागी फरकच नाही, एवढंच. दुसरा मार्कर घ्या.

सलग झाडं चुकली

इथे जीवशास्त्र शोधत बसू नका. घोळ हातांचा आहे: पिशव्यांवरची नावं, पानं कापण्याचा क्रम किंवा ९६ खान्यांची प्लेट. प्लेट अर्ध्या फेऱ्याने फिरली की ए१ च्या जागी एच१२ येतो आणि निकाल दिसायला अगदी व्यवस्थित असतो. उपाय स्वस्त आहे. दोन्ही जनक, त्यांचा संकर आणि नुसतं पाणी हे चार नमुने दर प्लेटमध्ये ठरलेल्या पण एकाच कोपऱ्यातल्या खान्यांत ठेवा, उदाहरणार्थ एच१०, एच११, एच१२ आणि जी१२. प्लेट उलटी झाली तर ते दुसऱ्या कोपऱ्यात उगवतात आणि चोरी लगेच पकडली जाते. पाण्याच्या खान्यात पट्टा आला तर ती अख्खी प्लेट बाद, त्यात ‘पण बाकीचं बरोबर दिसतंय’ हे चालत नाही.

चुकलेल्या पट्टीतल्या झाडांची पानं पुन्हा आणून तेवढीच तपासा. सगळा प्रयोग पुन्हा करायची गरज नसते.

मधली झाडं गायब

दुसऱ्या पिढीत एका जनुकासाठी १:२:१ प्रमाण अपेक्षित असतं. म्हणजे ९६ झाडांत एका जनकासारखी २४, दोन्ही रूपं बाळगणारी ४८ आणि दुसऱ्या जनकासारखी २४. समजा तुम्हाला ३६, २२, ३८ मिळाली. काय-वर्ग (अपेक्षित आणि मिळालेल्या आकड्यांतल्या तफावतीचं माप) काढला तर उत्तर २८ च्या वर जातं, मर्यादा आहे ५.९९. हा योगायोग नाही. दोन्ही रूपं असलेल्या झाडांत एकच रूप वाचलं गेलं, दुसरं उमटलंच नाही. याचं नेहमीचं कारण डीएनए कमी असणं किंवा अशुद्ध असणं.

पालेभाज्यांत हे फार होतं, आणि त्यामागे त्या भाज्यांचा स्वभाव आहे. मायाळूच्या पानात चिकट द्रव्य इतकं असतं की डीएनएचं द्रावण पिपेटमध्ये ओढताना तार येते. तांबड्या माठाचा डीएनए गुलाबी झाक घेऊन खाली बसतो. पालकात पानं जून झाली की पिठूळ शर्करा आणि फिनॉल वाढतात. ही सगळी द्रव्यं पीसीआरमधल्या एन्झाइमला अडवतात. डीएनएची शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर २६०/२८० चं गुणोत्तर १.८ दिसलं म्हणून समाधान मानू नका, ते प्रथिनांबद्दल सांगतं. शर्करांचा आणि फिनॉलचा पत्ता २६०/२३० मध्ये लागतो. तो २ च्या आसपास हवा. १ च्या खाली असेल तर संशय घ्यायलाच हवा.

उपाय पानापासून सुरू होतो. सर्वांत कोवळं पान घ्या, सकाळी ऊन चढायच्या आत. पुरंदर किंवा जुन्नरच्या बाजूने एप्रिलमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून आणलेली पानं प्रयोगशाळेत पोचेपर्यंत काळवंडलेली असतात. त्यांतून डीएनए निघतो, पण तुकड्यातुकड्यांचा. बर्फ नसेल तर पानाच्या वजनाच्या दहापट सिलिका जेलमध्ये वाळवून आणा. झाडं कुंडीत असतील तर पान काढण्याआधी एक-दोन दिवस अंधारात ठेवा, पिठाचा साठा उतरतो.

डीएनए काढण्याच्या सीटॅब पद्धतीत मिठाचं प्रमाण नेहमी १.४ मोलर असतं. मायाळू आणि माठासाठी ते २ च्या पुढे न्या आणि फिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी घाला. मीठ जास्त असलं की शर्करा द्रावणातच राहते आणि डीएनए तेवढा खाली बसतो. आयसोप्रोपेनॉल घातल्यावर नळ्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवण्याची सवय सोडा. थंडीत ताटकळलं की शर्कराही डीएनएबरोबर खाली येते. आणि हे सगळं करण्याआधी सर्वांत सोपं करून पाहा: आहे तोच डीएनए दहापट पातळ करून पुन्हा पीसीआर लावा. पातळ केल्यावर निकाल सुधारला, तर अडथळा अशुद्धीचा होता हे सिद्ध झालं.

कास्प पद्धत (पट्ट्याऐवजी रंगांच्या चमकेवरून रूप वाचणारी) वापरत असाल तर आलेखावर बिंदूंचे तीन सुटे पुंजके दिसायला हवेत. पुंजके एकमेकांत मिसळत असतील तर आधी सगळ्या नमुन्यांतलं डीएनएचं प्रमाण एकसारखं करा. प्लेट ४० अंशांच्या खाली थंड झाल्यावरच वाचा, गरम प्लेट वाचली की आकडे भरकटतात. तरी पुंजके सुटत नसतील तर तीन-चार चक्रं वाढवून पुन्हा वाचा.

याच्या उलट, बहुतेक सगळीच झाडं ‘दोन्ही रूपं’ दाखवत असतील, तर प्रायमर एकाऐवजी दोन जागा धरत असण्याची शक्यता मोठी. रोगप्रतिकाराची जनुकं अनेकदा घोळक्याने राहतात. लेट्युसमध्ये डीएम३ या केवडा-प्रतिकारक जनुकाच्या परिसरात एकमेकांसारख्या वीसहून अधिक प्रती सापडल्या आहेत. अशा ठिकाणी प्रायमर जनुकाच्या सामाईक भागावर न ठेवता शेजारच्या वेगळ्या भागावर बांधावा लागतो.

अजून एक, थोडक्यात. ‘पट्टा आहे किंवा नाही’ एवढंच सांगणारा मार्कर असेल, तर पीसीआर फसली तरी निकाल ‘नाही’ असाच दिसतो. त्याच नळीत सगळ्या झाडांत उमटणारा दुसरा पट्टा सोबतीला ठेवल्याशिवाय अशा मार्करचा ‘नाही’ मी मान्य करत नाही.

थोडी आणि विखुरलेली झाडं चुकली

प्रमाण बरोबर, जनक बरोबर, डीएनए स्वच्छ, तरी शंभरात चार-सहा झाडं इकडेतिकडे चुकीच्या खान्यात. इथे मार्कर आपलं काम चोख करतो आहे. पत्ता सांगताना आपण ‘मारुतीच्या देवळाशेजारी’ म्हणतो. देऊळ हलत नाही, शेजारचं बिऱ्हाड बदलू शकतं. बहुतेक मार्कर जनुकाच्या आत नसतात, शेजारी असतात, आणि दर पिढीत गुणसूत्रांची देवाणघेवाण होताना मार्कर आणि जनुक यांची ताटातूट होऊ शकते.

मार्कर जनुकापासून ५ सेंटीमॉर्गन दूर असेल तर एका पिढीत शंभरात साधारण पाच बीजपेशींत ही ताटातूट होते. एका पिढीपुरतं ते चालून जातं. पण चार वेळा प्रतिसंकर (त्याच एका जनकाशी पुन्हा पुन्हा संकर) केला तर मार्करबरोबर जनुक टिकण्याची शक्यता ०.९५ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ८१ टक्के. म्हणजे पाचात जवळजवळ एकदा असं होतं की तुम्ही चार पिढ्या निष्ठेने मार्कर सांभाळला, पट्टा अजून दिसतो आहे आणि जनुक कधीच गेलं आहे. हे कळायला वाफ्यात रोगच यावा लागतो, आणि तोवर तीन-चार हंगाम गेलेले असतात.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे जनुकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मार्कर ठेवणं. दोन्ही ५ सेंटीमॉर्गनवर असले आणि दोन्ही जागेवर दिसले, तर मधलं जनुक हरवायला दोन्हीकडे एकाच वेळी अदलाबदल व्हावी लागते: ०.०५ गुणिले ०.०५, म्हणजे हजारात अडीच-तीन. खर्च दुप्पट होतो, पण वाया जाणाऱ्या हंगामापुढे तो काहीच नाही. दुसरा मार्कर मिळतच नसेल तर निदान एक पिढी आड वाफ्यात रोगाची चाचणी घ्या.

चुकलेली विखुरलेली झाडं मात्र उपटू नका. अदलाबदल नेमकी कुठे झाली ते त्यांच्यावरूनच कळतं आणि जवळचा मार्कर शोधायला तीच लागतात.

सगळं उलटं

पट्टा असलेली झाडं रोगट, नसलेली निरोगी. हे दिसलं की लोक प्लेट उलटी झाली असं समजतात. ते आधी तपासाच. पण प्लेट बरोबर असेल, तर शोधनिबंधातल्या जनकात मार्करचं जे रूप प्रतिकाराबरोबर होतं, ते तुमच्या जनकात रोगाला बळी पडणाऱ्या रूपाबरोबर आहे. दूरच्या मार्करबाबत हे सहज घडतं. म्हणून दुसऱ्याच्या संकरात सिद्ध झालेला मार्कर आपल्या संकरात नव्याने सिद्ध करावा लागतो: दोन जनक, त्यांचा संकर आणि दुसऱ्या पिढीतली निदान शे-दीडशे झाडं मार्करवर आणि वाफ्यात दोन्हीकडे पाहून. त्याआधी एकही रोप मार्करच्या भरवशावर उपटू नये, असं माझं ठाम मत आहे.

मार्कर ‘नाही’ म्हणतो, झाड मात्र निरोगी

सगळा मतभेद याच एका खान्यात साचला असेल तर मी वाफ्याकडे बोट दाखवीन. झाड प्रतिकारक नसतं, त्याला रोग भेटलेलाच नसतो. आपल्या पालकावरचे ठिपके सर्कोस्पोरा बुरशीने येतात आणि त्या बुरशीला उबदार, दमट हवा लागते. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत घेतलेल्या चाचणीत सगळेच वाण सज्जन दिसतात. चाचणी पावसाळ्यात घ्या, दर काही ओळींनंतर हमखास रोग घेणाऱ्या वाणाची एक ओळ लावा आणि रोगट पानांचं द्रावण फवारा. त्या ओळीवर रोग आला नाही तर त्या वाफ्यातल्या कुठल्याही नोंदीला अर्थ नाही. विलायती पालकाच्या केवड्याला याउलट थंड आणि ओली हवा हवी.

उलट्या खान्यात, म्हणजे मार्कर ‘आहे’ म्हणतो आणि झाड रोगट, असा साचा दिसला तर बुरशीचा वंश तपासा. विलायती पालकाच्या केवड्याच्या वंशांना जगभर क्रमांक दिलेले आहेत आणि ती यादी वाढतच आली आहे. एक आरपीएफ जनुक सगळ्या वंशांना अडवत नाही. जनुक जागेवर असूनही नवा वंश झाडाला धरतो.

फुलोऱ्याच्या गुणात पुण्याचं स्थानच आडवं येतं. विलायती पालक लांब दिवसात फुलतो, आणि युरोपातल्या चाचण्या बऱ्याचदा १६ तासांच्या उजेडात होतात. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. जूनमधला सर्वांत मोठा दिवसही इथे सव्वातेरा तासांच्या आसपास, डिसेंबरातला ११ च्या. लवकर फुलणारं आणि उशिरा फुलणारं रूप यांतला फरक त्या उजेडात उघडा पडतच नाही. ‘लवकर फुलणारी’ रोपं इथे उशिरा फुलली ती त्यामुळे. मार्कर तपासायचा असेल तर शेडमध्ये दिवे लावून दिवस १६ तासांचा करा. इथल्या शेतकऱ्यासाठी निवड करायची असेल, तर प्रश्न वेगळा आहे: त्याला उन्हाळ्याच्या तापात लवकर फुलणारं झाड नको असतं. उन्हाने येणारा फुलोरा आणि दिवसाच्या लांबीने येणारा फुलोरा या दोन्हींना एकच मार्कर लावू नका.

तरीही निकाल लागत नसेल तर

काही झाडं एवढं करूनही चुकीच्याच खान्यात उरतात. त्यांचा निवाडा संततीवर सोपवा. मेथीचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे तिथे सोपं जातं. संशयित झाडाचं बी वेगळं ठेवून त्यातली १६ रोपं रोगात उभी करा. एका प्रबळ जनुकाचा प्रतिकार असेल आणि झाडात दोन्ही रूपं असतील, तर १६ पैकी एकही रोप आजारी न पडण्याची शक्यता एक टक्का उरते. आपल्या पालकाचं स्वपरागाने बी फारसं धरत नाही आणि वारा पराग दूरवर नेतो. तिथे संशयित झाडाचा संकर रोग घेणाऱ्या वाणाशी, पिशवी बांधून करा. झाडात जनुकाच्या दोन्ही प्रती प्रतिकाराच्या असतील तर सगळी संतती निरोगी राहते, एकच असेल तर साधारण निम्मी आजारी पडते. सातच रोपं पाहिली तरी शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा फरक कळतो. तोवर त्या झाडाचं वाळवलेलं पान सिलिकात, नाव-तारखेसकट, कपाटात राहू द्या. संततीचा निकाल आला की त्याच पानावर मार्कर पुन्हा लावता येतो.